हसतमुख राहण्याची संमती

एकशे शहाऐंशी कामगारांपैकी एकशे पंच्याऐंशी जणांच्या सह्या झाल्या होत्या, आणि कॉम्प्युटरवरचा आकडा ९९.४६ वर येऊन बसला होता. शंभर झाला की तो हिरवा होणार, असं पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी सांगितलं होतं. तोवर तो केशरी. त्या केशरी आकड्यासमोर बसून पवित्रा रोज डबा खायची.

साल दोन हजार आठ. शिरोली एमआयडीसीत बाळासो मालकांची फाउंड्री होती, पंपाच्या बॉड्या ओतणारी. तिथलं एचआर खातं म्हणजे पवित्रा, एक टेबल आणि गोदरेजचं एक कपाट. त्यातलं कपाट तेवढं कायम होतं. पवित्राची सहा महिन्यांची कच्ची नोकरी शनिवारी संपत होती. पक्की व्हायची अट नेमणूकपत्रातच होती: ‘सर्व’ कामगारांची डिजिटल संमती गोळा करणे. ‘सर्व’ हा शब्द मॅनेजर शिवप्रसाद यांनी स्वतः ठळक केला होता. तिकडं हातकणंगल्यात तिच्या आईनं ‘पोरगी कायम झाली’ म्हणून गल्लीत साखर वाटलीसुद्धा होती. म्हणजे आता मागं फिरायची सोय उरली नव्हती.

सह्या काळ्या पाटीवर घ्यायच्या होत्या. पाटीला वायर, सोबत सुटं बिनशाईचं पेन, आणि सही उमटणार कॉम्प्युटरवर. केरबानं बूट काढून सही केली. जोतीराम सही झाल्यावर पाटीवर फुंकर मारत बसला, शाई वाळावी म्हणून. झाडलोट करणाऱ्या झुंबरबाईंनी पहिली सही बघितली आणि म्हणाल्या, “ही रफ झाली. आता फेअर करते.”

प्रत्येक जण एकच विचारायचा, “कशाची सही म्हणायची?”

“संमतीची.”

“कशाला संमती?”

“कॉम्प्युटरला.”

एवढ्यावर सगळ्यांचं समाधान व्हायचं. पवित्राचंही झालं होतं. यादीत पहिली सही तिचीच होती.

राहिला होता रुद्राप्पा. भट्टीवरचा मिस्त्री. गाव सीमेकडचं, घरात कन्नड, शेडमध्ये मराठी, आणि दोन्हीकडं मोजकंच. त्याला शेडमध्ये हसताना कुणी बघितलं नव्हतं. एकदा दिवाळीच्या बोनसला त्याचा ओठ हलल्याचं केरबा सांगायचा, पण त्याला साक्षीदार नव्हता.

सोमवारी पवित्रानं पाटी पुढं केली, तर रुद्राप्पा म्हणाला, “कागद द्या. वाचतो.”

“मामा, सगळ्यांनी केलीय की सही.”

“केली असंल. मी वाचून करतो.”

तिनं मराठी मसुद्याची छापील प्रत दिली. पाच पानं. रुद्राप्पानं चष्मा लावला आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ते बोट दुसऱ्या पानावर होतं. बुधवारी दुपारी तो ऑफिसच्या दारात आला, बाहेर पाय झाडून.

“म्याडम, कलम चौदा वाचा.”

पवित्रानं वाचलं. ‘मी पाहुण्यांसमोर सदैव हसतमुख राहीन.’

तिनं परत वाचलं. मग पुढचं. कलम पंधरा, ‘कामाच्या वेळेत जलतरण तलावात उतरणार नाही.’ कलम सोळा, ‘खोली आवरल्यावर उशीवर चॉकलेट ठेवीन.’

“पंधरा मान्य हाय,” रुद्राप्पा म्हणाला. “तळं न्हायच, तर उतरू कशाला. सोळाचं चॉकलेट कंपनीनं दिलं तर ठेवू कुठंतरी. चौदा मान्य न्हाय.”

“मामा, ते नुसतं लिहिलंय हो. कोण तुम्हाला हसवायला येणाराय?”

“नुसतं लिवलेलं असतं तर सही कशाला पायजे?”

पवित्रानं पाण्याचा ग्लास पुढं केला, तो त्यानं घेतला नाही.

“चौऱ्याण्णव साली पिराजी होता लॅडलवर, रस ओतायच्या डोलावर. वितळलेल्या लोखंडाचा रस भरलेला. मागनं कोन तरी कायतरी बोललं आन् पिराजी हसला. वळून हसला. पाय गेला त्याचा, घोट्यापासनं.” रुद्राप्पानं कागदाची घडी केली. “रस असताना रसाकडं बघायचं. तवापासनं भट्टीपुढं मी हसत न्हाय, आन् कुणाला हसूबी देत न्हाय. आता हसीन म्हणून लिवून देऊ व्हय?”

तो गेल्यावर पवित्रानं पुण्याला फोन लावला. सॉफ्टवेअर कंपनीतला शंतनू फार गोड बोलायचा.

“अच्छा, चौदा नंबर! मॅडम, तो हॉटेलचा टेम्प्लेट आहे. यादीत फाउंड्रीच्या लगेच खाली हॉटेल आहे ना, एक ओळ खाली क्लिक झालं असेल.”

“मग बदला की.”

“बदललं तर झालेल्या सगळ्या सह्या रद्द होतील. शून्यापासून.”

“बरं, मग ह्या एकाची ‘मान्य नाही’ अशी नोंद कुठं करायची?”

“मॅडम, ते संमतीपत्र आहे. त्यात ‘मान्य आहे’ एवढंच बटण असतं.”

“आणि एखाद्याला मान्य नसलं तर?”

“अशी रिक्वायरमेंट आजवर कुणाकडून आलेली नाही.”

रुद्राप्पा आल्यापासून फोन संपेपर्यंत झुंबरबाई फरशी पुसत होत्या. त्या एकच फरशी बराच वेळ पुसत होत्या हे पवित्राच्या उशिरा लक्षात आलं; तोवर कलम चौदा शेडभर पोचलं होतं.

गुरुवारी सकाळी शिवप्रसाद शेडमध्ये गेले, तर मोल्डिंगवरचे सगळे त्यांच्याकडं बघून हसत होते. हळूच नव्हे, बत्तीशी दाखवून. शिवप्रसादांनी आधी पँटची चेन तपासली, मग मागं वळून भिंतीकडं बघितलं.

“काय झालंय रे?”

“काय न्हाय साहेब,” केरबा हसत म्हणाला. “सही केलीय.”

“हा साचा कुणी फोडला?”

“मी फोडला, साहेब.” केरबाचं हसू आणखी रुंद झालं.

समोर माणूस इतका प्रसन्न उभा असताना त्याला शिव्या घालता येत नाहीत, हा शोध शिवप्रसादांना त्या दिवशी लागला. पाहुणा कुणाला म्हणायचं यावर कँटीनमध्ये रीतसर चर्चा झाली होती, आणि ज्याच्या हातात फावडं नाही तो पाहुणा, असं ठरलं होतं. दुपारपर्यंत सिमेंटच्या ट्रकचा ड्रायव्हर, वीजमीटर बघायला आलेला माणूस आणि गेटात शिरलेलं एक कुत्रं, सगळ्यांचं हसून स्वागत झालं. कुत्रं तेवढं लगेच परत गेलं.

शुक्रवारी शिवप्रसाद पवित्राच्या टेबलासमोर येऊन बसले. चेहरा दोन दिवसांत उतरला होता.

“उद्या कस्टमरकडनं चेन्नईच्या ऑडिटर बाई येणार. आकडा हिरवा पाहिजे. तूच ओढ एक रेघ पाटीवर. रुद्राप्पाची सही तरी काय, रेघच असणार.”

“रुद्राप्पामामांनी नाही म्हटलंय, सर.”

“त्याला कळणारसुद्धा नाही.”

“पाच पानं वाचलीत त्यांनी. मला पहिल्या दिवशी एकसुद्धा वाचावंसं वाटलं नव्हतं.”

“पवित्रा, उद्या तुझे सहा महिने संपतात. माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

शिवप्रसादांनी हात पुढं करून पाटी ओढली. पवित्रानं बिनशाईचं पेन उचललं, रिकाम्या डब्यात टाकलं, डब्याला कडी लावली आणि डबा मांडीवर घेऊन बसली. मॅनेजर पदाच्या माणसाला असिस्टंटच्या मांडीवरचा डबा हिसकावता येत नाही. ते डब्याकडं बघत उठले आणि निघून गेले.

मग तिनं कोरा कागद घेतला, भट्टीवर गेली आणि रुद्राप्पाला काय लिहायचं ते विचारलं. त्यानं स्वतःच लिहिलं: ‘मी सगळं वाचलं. कलम चौदा मान्य नाही. बाकी मान्य.’ खाली सही. रेघ नव्हतीच ती. वळणदार, पल्लेदार, कन्नडमधली सही होती.

कागद स्कॅन झाला, पण ठेवायचा कुठं? सॉफ्टवेअरमध्ये कामगाराचा कागद जोडायची एकच जागा होती, वैद्यकीय दाखल्याची. तिनं तिथं जोडला. त्या रात्रीपासून कंपनीच्या दप्तरी नोंद आहे: रुद्राप्पा, आजार: कलम चौदा मान्य नाही.

शनिवारी ऑडिटर बाई आल्या. पहिल्या पाळीचे नव्वद जण त्यांच्याकडं बघून हसले. बाईही हसल्या. पुढं गेल्या, तरी ते हसतच होते. बाईंनी वही छातीशी धरली आणि चालण्याचा वेग वाढवला.

भट्टीवर रस ओतायची वेळ होती. लॅडल जोतीरामच्या हातात. पाहुणा दिसला तसा जोतीराम सहीला जागला: वळला आणि हसला. लॅडल कलली. लाल रसाची एक धार वाळूवर पडली आणि ठिणग्या बाईंच्या पायापासून दोन हातांवर नाचल्या.

“रसाकडं बघ!”

रुद्राप्पाचा आवाज शेडभर गेला. जोतीरामची मान सरळ झाली. नव्वद तोंडं एकदम मिटली. साचे भरून होईपर्यंत कुणी हललं नाही.

बाईंनी घाम पुसला आणि हिंदीत विचारलं, “हे सगळे का हसत होते? आणि हे एकटे का नव्हते?”

“त्याचं डोकं दुखतंय, मॅडम,” शिवप्रसाद घाईनं म्हणाले.

पवित्रानं खाली बघितलं. ठिणग्या पडल्या ती वाळू अजून काळी दिसत होती.

“डोकं दुखत नाही, मॅडम,” ती म्हणाली. “त्यांनी संमती दिलेली नाही. बाकी सगळ्यांनी न वाचता दिली. मीसुद्धा. न वाचता घेतली ती मीच.”

ऑफिसात बाईंनी पवित्राकडून एकेक कलम हिंदीत समजून घेतलं. उशीवरच्या चॉकलेटपाशी जरा थांबल्या. मग शेरा लिहिला: एकशे पंच्याऐंशी संमत्या अग्राह्य. योग्य मसुद्यावर, ‘मान्य नाही’ असा पर्याय ठेवून, पुन्हा घ्याव्यात. ग्राह्य नोंद एक, वैद्यकीय रकान्यातली.

कॉम्प्युटरवरचा आकडा ०.५४ झाला आणि केशरीचा लाल.

पाच वाजता बाळासो मालकांनी पवित्राला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर शिवप्रसादांनी तयार केलेलं पत्र होतं. कच्च्या नोकरीला तीन महिने मुदतवाढ. खाली ओळ: ‘मला मान्य आहे.’

“कर सही,” मालक म्हणाले. “कामावरनं काढत न्हाई, हे नशीब समज.”

पवित्रानं पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. मालकांनी घड्याळ बघितलं. एक फोन घेतला, संपवला. ती दुसऱ्या परिच्छेदात होती. वाचून झाल्यावर तिनं ‘मला मान्य आहे’च्या खाली पेनानं एक चौकट काढली, पुढं ‘मान्य नाही’ लिहिलं आणि चौकटीत बरोबरची खूण केली. खूण सरळ आली.

मालकांनी पत्र वळवून बघितलं. “नोकरी नको व्हय तुला?”

“नोकरी पाहिजे, मालक. मुदतवाढ नको. चूक झाली ती मी निस्तरते, सगळ्यांना एकेक कलम वाचून दाखवते. ‘नाही म्हणायचं तर म्हणा’ असं मी त्यांना सांगणार, आणि मीच घाबरून सही केली, तर ते झुंबरबाईंना आत्ताच कळेल.”

दाराबाहेर फरशी पुसायचा आवाज थांबला.

बाळासो मालकांनी चौकटीवर बोट टेकवलं. शेडमध्ये कललेल्या लॅडलची हकीकत त्यांच्या कानावर आली होती; वाचून नाही म्हणणारं एक तरी माणूस ऑफिसात हवंच होतं. मग त्यांनी ‘तीन महिने मुदतवाढ’वर काट मारली, वर ‘कायम’ लिहिलं आणि पत्र तिच्याकडं सरकवलं.

“आता तरी करणार का सही?”

“वाचते,” पवित्रा म्हणाली. शब्द एकच होता, पण तिनं वाचला.

सोमवारी ती फाउंड्रीचा मसुदा घेऊन भट्टीवर गेली. अकरा पानं होती. शंतनूनं ‘मान्य नाही’चं बटण बसवून दिलं होतं, वरच्यांना न विचारता. रुद्राप्पानं चष्मा काढून शर्टाला पुसला, लावला, आणि पानं मोजली.

“ठिवा,” तो म्हणाला. “गुरुवारी या.”

“सुट्टीत वाचणार न्हवं? मग मी इथंच बसते, मामा,” पवित्रा म्हणाली, आणि शेजारचा रिकामा साचा उलटा करून त्यावर बसली.