ताईची जागा

जिच्यावर बसायला मनाई आहे, अशी खुर्ची मी. जन्म अंबडच्या कारखान्यातला, रंग लाल, हाड प्लास्टिकचं. नाशिकला स्नेहलच्या घरी आले तेव्हा माझ्यावर पाहुणे बसत, धुतलेले कपडे पडत, पंखा पुसायला तिचा नवरा अमोल चढे. सुखात होते.

मग स्नेहलनं मोबाइलवर एका गुरूंचा वर्ग लावला. ते बायबलमधला उतारा देत आणि कल्पनेनं मन बदलायला शिकवत. एक उतारा असा होता : देवापुढे अर्पण घेऊन उभा असताना भाऊ नाराज असल्याचं आठवलं, तर अर्पण ठेवून आधी त्याच्याकडे जा, समेट कर. गुरू म्हणाले, "हा भाऊ बाहेर नाही, आत आहे. समोर रिकामी खुर्ची घ्या, तो तिथं बसलाय अशी कल्पना करा आणि समेट करा."

झालं! माझं नशीब फुटलं.

स्नेहलची थोरली बहीण दिशा कळवणला असते. आईचं आजारपण तिनं एकटीनं काढलं; स्नेहल फोनवरून सल्ले देई. आईच्या दहाव्याला दोघींचं वाजलं, तेव्हापासून अबोला. आता स्नेहल रोज डोळे मिटून ताईची माफी मागे, मला मिठी मारून रडे. कल्पनेतली ताई लगेच माफ करी. न करून सांगते कुणाला?

एका सकाळी बेल वाजली. दारात खरीखुरी दिशा.

"स्नेहल, उद्या माझं गाठीचं ऑपरेशन आहे गं, इथंच. सोबत येशील?" म्हणत ती माझ्यावर टेकायला आली.

"तिथं नको!" स्नेहल ओरडली. "ती ताईची जागा आहे."

दिशा उभीच राहिली. "मग मी कोण?"

"तसं नाही गं. आपलं सगळं मिटलंय. आता तू ठणठणीत आहेस, असंच मी मनात बघणार."

"म्हणजे येणार नाहीस."

"मन आत्ता कुठं शांत झालंय, ताई. दवाखान्यात गेले की ढवळेल."

दिशा वळली. अमोलनं तो उतारा कधी वाचलाच नव्हता. त्यानं चपला घातल्या. "ताई, थांबा. मी येतो."

ऑपरेशन नीट झालं. अमोल दवाखान्यातल्या बाकावर बसून राहिला. इकडे स्नेहलनं वर्गात अनुभव सांगितला, "मी कल्पना केली आणि ताई बरी झाली!" ग्रुपवर टाळ्या वाजवणारे पिवळे हात उमटले.

दिशाला कळवणला सोडून अमोल आज घरी आला आणि थेट माझ्यावर बसला. स्नेहलचा जीव वरखाली झाला, पण तिनं वेगळंच विचारलं, "ताई माझ्याबद्दल काय म्हणाली?"

"काहीच नाही."

अमोलचा शर्ट घामानं भिजलेला, वजन चांगलंच. माझे पाय कुरकुरतायत.

अमोल, एवढ्यात उठू नकोस रे.