उस्तादचा जावई

मारामारीला सुरुवात झाली ती एका जुन्या बसवरून.

सरकारने कायदा केला होता. देशातल्या सगळ्या बसगाड्या विजेवर चालणार, डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने भंगारात जाणार. हवा सुधारायची, धूर कमी करायचा, जगाला दिलेला शब्द पाळायचा, हे रोज टीव्हीवर ऐकू यायचं. डेपोतले मेकॅनिक ते ऐकायचे आणि चहा प्यायचे. सरकार बरंच काही बोलत असतं. पण एका सकाळी ठेकेदाराचा माणूस खरोखरच गॅस कटर घेऊन आला आणि वर्कशॉपसमोर, सगळ्यांच्या देखत, त्याने एका बसचं छत कापायला घेतलं.

त्या बसचा पत्रा हातोड्याने आयुष्यभर ठोकून सरळ केला होता. हातोडा म्हणजे डेपोतला डेंटर. त्याला खऱ्या नावाने हाक मारणारं तिथे कोणी उरलं नव्हतं. मान आखूड, मनगटं जाड, बोलणं कमी. तो शांतपणे चालत गेला, कटरवाल्याच्या डोळ्यांवरचा काळा चष्मा त्याने काढला आणि मग नाकावर ठोसा मारला. हाड मोडल्याचा आवाज पलीकडे इंजिन चालू असतानाही ऐकू आला. माणूस खाली पडला तरी हातोडा थांबेना. पेटलेला कटर जमिनीवर फुरफुरत गोल फिरत होता आणि जवळ जायची कोणाची छाती होत नव्हती.

शेवटी उस्तादने मागून त्याच्या कमरेला मिठी घातली आणि त्याला ओढून काढलं.

"अरे, त्या बिचाऱ्याचा काय गुन्हा? हातावर पोट आहे त्याचं."

"आणि माझं काय पायावर आहे?" हातोडा म्हणाला.

उस्ताद डेपोतला सगळ्यात जुना इंजिन मेकॅनिक. तो आणि हातोडा एकाच दिवशी कामाला लागले होते. उस्तादची बायको लवकर गेली, तेव्हा त्याच्या लहान मुलीला वाढवलं ते हातोड्याच्या बायकोने. तिची वेणी घालायची, ताप आला की रात्र रात्र उशाशी बसायचं, पोरीने उलट उत्तर दिलं तर पाठीत धपाटा घालायचा, सगळं तीच करायची. मुलगी तिला मावशी म्हणायची. मोठी होऊन ती सरकारी दवाखान्यात नर्स झाली, तिचं लग्न झालं, तरी सगळ्यांच्या तोंडी ती बेबीच राहिली.

बेबीचा नवरा विजेच्या कामातला. डेपोचा अर्धा भाग लोखंडी जाळी घालून वेगळा केला गेला, तिथे चार्जिंगची उंच पांढरी यंत्रं उभी राहिली, आणि त्या यार्डाचा प्रमुख म्हणून नेमका हाच आला. वर्कशॉपमधल्या लोकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव बॅटरी ठेवलं. उस्तादला ते लागायचं, पण हसूही यायचं.

तिघं एकाच घरात राहायची. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. जेवताना सासऱ्या-जावयाची जुंपायची.

"जावईबापू, तुमची गाडी आवाजच करत नाही. जिवंत आहे का मेली, माणसाने ओळखायचं कसं?"

"नाडी बघायची, बाबा."

"आमचं इंजिन लांबून खोकलं तरी मी सांगायचो, कुठे दुखतंय ते."

"तुम्हीसुद्धा लांबूनच ऐकू येता," बेबी मध्येच म्हणायची. "खोकला कधीचा आहे? छातीचा फोटो काढून घ्या म्हटलं तर ऐकत नाही. त्या धुराने तुमचं काय केलंय ते मला रोज वॉर्डात दिसतं."

उस्ताद मान खाली घालून जेवत राहायचा. पोरगी खरं बोलत होती आणि म्हणूनच तिच्याशी वाद घालता येत नव्हता.

नव्या कामाचं प्रशिक्षण सगळ्यांना मिळेल, असं सरकारने कबूल केलं होतं. ते मिळालंही. उस्ताद शाळेतल्यासारखा बाकावर बसला, परीक्षा दिली, कसाबसा पास झाला. हातोडा पहिल्याच तासाला उठून निघून गेला. नव्या गाडीच्या अंगाला पत्रा नव्हताच. धक्का लागला की अख्खा तुकडा काढायचा आणि दुसरा बसवायचा.

"पत्राच नाही, तर मी ठोकू काय? माझं कपाळ?" तो उस्तादला म्हणाला.

त्याला घरी बसवल्याचा हुकूम आला. पाठोपाठ आणखी काहीजण गेले. आणि एका संध्याकाळी उस्ताद हातोड्याच्या घरी गेला असताना हातोड्याने त्याला सगळा बेत सांगितला. पहिल्या विजेच्या गाड्या रस्त्यावर यायच्या आत यार्ड फोडायचं. उद्याच, जेवणाच्या सुट्टीत, भर दुपारी.

उस्तादने नको म्हणायला हवं होतं. पण त्या पांढऱ्या यंत्रांकडे बघून त्याच्याही पोटात आग पडायची. ती फुटलेली त्यालाही बघायची होती.

"केबल तोडा, यंत्रं फोडा," तो म्हणाला. "माणसाला हात लावायचा नाही."

"तुझ्या गळ्याची शपथ."

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई बूट घालत होता. उस्ताद दारात उभा राहिला.

"आज रजा टाका. डोकं दुखतंय म्हणून सांगा."

"डोकं तर दुखत नाही, बाबा."

"दुखेल."

जावई हसला. त्याला वाटलं, सासऱ्याची नेहमीची थट्टा. डबा उचलून तो जिना उतरून गेला.

दुपारी ते आले. दहा-बाराजण होते, हातात गज आणि चाकं खोलायच्या टॉमीच्या लोखंडी दांड्या. पहारेकऱ्याला केबिनमध्ये कोंडलं, जाळीचं फाटक उखडून आडवं पाडलं. पहिल्या यंत्राची काच फुटली तसा सगळ्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, रडण्यासारखा आणि आनंदासारखाही. मग नुसता खणखणाट. काचा, प्लास्टिक, वायरी यांचा पायाखाली सडा पडला. एकजण कुऱ्हाडीने नव्या बसचे टायर फाडत होता. दुसरा आत चढून सीटवर घाव घालत होता, जणू तिथे कोणी बसलंय.

जावई कंट्रोल रूममधून हात वर करून बाहेर आला.

"फोडा काय फोडायचं ते! पण आधी मला लाईन बंद करू द्या! आत करंट आहे!"

त्या गोंधळात कोणाला काही ऐकू गेलं नाही. ज्यांना गेलं, त्यांना ती थाप वाटली. डेपोत टायर बदलायचं काम करणारा, टायरवाला म्हणून एक उंच, हडकुळा गडी होता. त्याने भिंतीजवळच्या मोठ्या पॅनेलचं दार तोडलं आणि गज आत खुपसला.

पांढरा लखलखाट झाला. तोफ उडावी तसा धडाका झाला. टायरवाला मागे फेकला गेला तेव्हा त्याचे केस आणि शर्ट पेटलेले होते. तळहातांची कातडी गजाला चिकटून राहिली होती. तो ओरडत नव्हता, नुसतं तोंड उघडं होतं. पॅनेलमधून निळ्या ठिणग्या उडतच होत्या आणि जमिनीवरची एक तुटकी केबल त्याच्या पायाशी तडतडत होती.

"करंट सोडला!" कोणीतरी किंचाळलं. "बॅटरीने करंट सोडला!"

जावई त्या क्षणी भिंतीवरच्या मेन स्विचकडे धावत सुटला होता. बंद करायला. पण बघणाऱ्याला एवढंच दिसलं की ज्याने करंट सोडला तो पुन्हा खटक्याकडे पळतोय. हातोड्याने गज भिरकावला. तो जावयाच्या पायात अडकला आणि जावई तोंडावर पडला. हातोडा पोचला, त्याने गज उचलला आणि गुडघ्यावर घातला. मग त्याच गुडघ्यावर पुन्हा. हाडाचा पांढरा तुकडा पँट फाडून बाहेर आला. जावई तरी कोपरांवर सरपटत भिंतीकडे जात होता, ओरडत होता, "बंद करू द्या, तो मरेल, बंद करू द्या." हातोड्याने त्याच्या पुढे झालेल्या हातावर बूट ठेवला आणि टाच फिरवली. बोटं मोडली.

उस्ताद वर्कशॉपमध्ये यार्डाकडे पाठ करून बसला होता. काचा फुटल्या तेव्हा तो उठला नाही. धडाका ऐकला तेव्हा मात्र तो धावला. वाटेत हाताला लागला तो जॅकचा दांडा.

"हातोड्या, सोड त्याला!"

हातोड्याच्या कानात काही शिरत नव्हतं. उस्तादने दांडा त्याच्या खांद्यावर मारला. हातोडा वळला. समोर उस्तादला बघून त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर नुसतं नवल होतं.

"तू?"

आणि त्याने गज फिरवला. तो उस्तादच्या गालावर बसला, गाल फाटला, दोन दात घशाकडे गेले. उस्तादने रक्त थुंकलं आणि दांडा दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यात घातला. हातोडा गुडघ्यांवर बसला. गज त्याच्या हातातून सुटला. त्याने एक तळवा वर केला, पुरे म्हणावं तसा.

उस्तादने पुन्हा मारला.

तोवर जावयाने न मोडलेल्या हाताने भिंत धरून, एका पायावर उठून, खटका खाली ओढला होता. ठिणग्या थांबल्या. सगळीकडे एकदम इतकी शांतता पसरली की रक्त टपकल्याचं ऐकू यावं. मग फाटकाकडे पळणाऱ्या पायांचा आवाज सुरू झाला.

दवाखान्यात बेबीची ड्युटी अपघात विभागातच होती. पहिल्या स्ट्रेचरवर टायरवाला आला. त्याच्या हातांकडे बघून तिच्याबरोबरची नवी नर्स भोवळ येऊन पडली. दुसऱ्यावर तिचा नवरा. तिसऱ्यावर हातोडा, डोक्याचा एक भाग आत गेलेला, कानातून रक्त. बेबीने नवऱ्याच्या कपाळाला एकदा हात लावला आणि हातोड्याकडे गेली, कारण डॉक्टरांनी आधी त्याला घेतलं होतं. लहानपणी ज्याच्या खांद्यावर बसून ती सगळीकडे फिरली, त्याच्या डोक्याखालचं रक्ताने भिजलेलं कापड ती पुनःपुन्हा बदलत राहिली. संध्याकाळ व्हायच्या आत तो गेला.

मावशी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी होती.

"कोणी मारलं ग?"

बेबीला खोटं बोलता आलं असतं. "बाबांनी," ती म्हणाली.

मावशीने दोन्ही मुठींनी तिला मारायला सुरुवात केली. छातीवर, तोंडावर, मिळेल तिथे. बेबी हात खाली सोडून उभी राहिली. वॉर्डबॉय धावत आले तेव्हा तिने त्यांना मानेनेच थांबवलं. मावशी दमली, खाली बसली आणि हुंदक्यांच्या मधूनच म्हणाली, "अगं, कालच तर तुझा बाप आला होता घरी. दोघं बसून ठरवत होते ना, यार्ड फोडायचं म्हणून! मीच चहा केला दोघांना."

बेबी तशीच बापाकडे निघाली.

उस्ताद दुसऱ्या वॉर्डात होता. एक हात पलंगाला बेडीने बांधलेला, गालावर ताजे टाके, शेजारी शिपाई.

"तुम्हाला माहीत होतं?"

उस्तादने मान हलवली. "मी त्यांना म्हटलं होतं, रजा टाका..."

तिने त्याच्या टाके घातलेल्या गालावरच सणसणीत मारली. टाके उसवले, उशीवर रक्त आलं. शिपायाने तिचा दंड धरला. तिने तो झटकून सोडवला, कापसाचा बोळा घेतला आणि गाल दाबून धरला. रक्त थांबेपर्यंत ती तशीच उभी होती. बाप तिच्याकडे बघत होता, ती भिंतीकडे. मग तिने डॉक्टरांना बोलावलं आणि निघून गेली.

खटल्यात वकील उस्तादला म्हणाला, जावयाला वाचवताना डोक्यात एकच घाव बसला असं सांगा. उस्तादने कोर्टात सांगितलं, डोक्यात दोन घातले. दुसरा घातला तेव्हा तो हात वर करून बसला होता. त्याला मोठी शिक्षा झाली.

डिझेलच्या गाड्या ठरल्याप्रमाणे गेल्या. फुटलेल्या यंत्रांच्या जागी नवी आली. जावयाचा गुडघा वाकेना, पण तो काठी घेऊन पुन्हा यार्डात रुजू झाला. टायरवाला वाचला. त्याच्या हातांची बोटं एकमेकांना चिकटली आहेत. कोर्टात त्याने सांगितलं की बॅटरीने खटका बंद केला म्हणूनच मी आज इथे उभा आहे. ते सांगताना तो जावयाच्या पायाकडे बघत नव्हता.

तुरुंगात भेटायला जावईच जायचा. जाळीच्या पलीकडे उस्ताद खुर्ची ओढून बसायचा, खोकायचा, पायाचं विचारायचा. एकदा जावई म्हणाला, "बेबी मावशींकडे गेली होती."

"दार उघडलं?"

"इतके दिवस नव्हत्या उघडत. या वेळी उघडलं. आधी तिच्या मुस्काटात मारली. मग आत घेतलं."

उस्तादने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते. बऱ्याच वेळाने त्याने हात काढले.

"जावईबापू, त्याच्या डोक्यातला पहिला घाव मी तुमच्यासाठी घातला," तो म्हणाला. "दुसऱ्याचं मला सांगता येत नाही. रोज शोधतो."

जावयाने आपला मोडून जोडलेला हात जाळीला लावला आणि भेटीची वेळ संपेपर्यंत तो तसाच बसून राहिला.