चाळीस लिहा

बूट समोरच होते, तरी निवृत्त प्राध्यापक ते पाऊण तास शोधत होते. त्या सकाळी त्यांना घराबाहेर पडायचंच नव्हतं, आणि हे त्यांच्या बायकोने चहा गाळतानाच ओळखलं होतं.

"अहो, पत्र येऊन पंधरा दिवस झाले," ती म्हणाली. "आज शेवटचा दिवस ना? मग जा की एकदाचे. नाहीतर उद्यापासून उसासे टाकत बसाल, आणि ते ऐकायला घरात मी एकटीच आहे."

"मी कुठे उसासे टाकतो?"

"ते तुमचं तुम्हाला ऐकू येत नाही. बूट घाला."

त्यांनी बूट घातले. विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'दशांशसर' म्हणत, कारण दशांश चिन्हापुढे दोन आकडे नसले तर ते उत्तर तपासायचेसुद्धा नाहीत. इतका काटेकोर माणूस जवळजवळ चाळीस वर्षं एक काम टाळत आला होता, आणि आता टाळायला एकच दिवस उरला होता.

पत्र अर्थशास्त्राच्या संशोधन ग्रंथालयाकडून सगळ्याच जुन्या सभासदांना आलं होतं. तळघरात जुन्या पाहण्यांचे मूळ फॉर्म पडून होते. ते आता स्कॅन व्हायचे होते. मात्र ज्या गठ्ठ्यांवर 'रद्द' असा शिक्का होता ते तसेच कागदाच्या लगद्याला जाणार होते. कुणाची हरकत असेल तर समक्ष यावं, असं खाली लिहिलं होतं. दशांशसरांना त्यातला एक गठ्ठा चांगला ठाऊक होता. दोनशे बारा फॉर्म. शिक्का त्यांनीच मारला होता.

झालं होतं ते असं. सर तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते, डिग्रीची शाई वाळायची होती, आणि एका संशोधन संस्थेने त्यांना घरोघरच्या पाहणीवर पर्यवेक्षक नेमलं होतं. हाताखाली सहा जण. घरात माणसं किती, त्यांची वयं काय, कोण काय काम करतं, हे दारोदार विचारून लिहून आणायचं. सहांमध्ये एक मुलगी होती. तिच्या पायाला चाकं असल्यागत ती दिवसभर वस्त्यांमधून फिरायची, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. सर आणि ती एकाच वर्गात शिकलेले, एकाच डब्यात जेवणारे. तिचं अक्षर गोलमटोल होतं आणि तोंड फटकळ.

सरांनी एका संध्याकाळी सगळ्यांच्या फॉर्ममधली वयं, कोणत्या वयाची माणसं किती, अशी आलेखाच्या कागदावर मांडली. पाच जणांच्या रेषा कशा छान, घसरगुंडीसारख्या खाली येत होत्या. भिंगरीची रेषा मात्र करवतीच्या दात्यांसारखी. तीसला उंच, पस्तीसला उंच, चाळीसला तर आभाळाला भिडलेली, आणि मधे सगळं सपाट. सर हरखले. आपण चोरी पकडली! घरी बसून फॉर्म भरणारा माणूस आळसाने गोल आकडे लिहितो, हे त्यांना जणू साक्षात्कार झाल्यासारखं पटलं. त्यांनी आलेख संस्थेच्या साहेबांपुढे ठेवला. चार दिवसांत भिंगरी संस्थेबाहेर होती, आणि बाहेर जाताना तिच्या नावावर 'घरी बसून फॉर्म भरणारी' हा डाग होता. त्या धंद्यात तो डाग लागलेल्याला दुसरं काम मिळत नाही.

तीन वर्षांनी सर परदेशी पुस्तकं वाचू लागले तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. जन्मतारीख ठाऊक नसलेला माणूस वय गोलच सांगतो. तीस, पस्तीस, चाळीस. आपण होऊन सदतीस कुणी म्हणत नाही. म्हणजे करवतीचे दाते ही खऱ्या फॉर्मची खूण, आणि ती छान घसरगुंडी म्हणजे पाच जणांनी चेहरे बघून, किंवा तेही न बघता, ठोकून दिलेले आकडे. त्या पाचांतला एक पुढे संचालक झाला.

सरांनी काय केलं? त्यांनी तो धडा शिकवायला घेतला. तीस वर्षं, दर वर्षी, दुसऱ्याच तासाला ते फळ्यावर करवत काढायचे आणि म्हणायचे, "मुलांनो, गोल वयं दिसली की घाईने संशय घेऊ नका." कुणाची करवत, ते कधी सांगितलं नाही. पहिली काही वर्षं तो तास ते वर्गाकडे पाठ करूनच घ्यायचे. पुढे तेही थांबलं. एकदा भिंगरी बसथांब्यावर दिसली, हातात शिवणकामाची पिशवी होती, तेव्हा सर रस्ता ओलांडून पलीकडे गेले. स्वतःची समजूत घालायला त्यांच्याकडे एकच वाक्य होतं. तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. वाक्य खरं वाटायचं आणि त्यावर झोपही लागायची.

ग्रंथालय काही बदललं नव्हतं. दारात पिशवी कपाटात ठेवायची, पेन बाहेर ठेवायचं, आत फक्त पेन्सिल. रजिस्टरमध्ये 'येण्याचं कारण' या रकान्यात सरांचा हात सवयीने 'संशोधन' लिहून मोकळा झाला. वाचनकक्षात दोन माणसं जाडजूड वार्षिक अहवालांत मान घालून बसली होती. पुस्तकांच्या वासापेक्षा पंख्याचा आवाज जास्त होता.

ग्रंथपालबाई चाळिशीच्या होत्या, कामाला वाघ. त्यांनी सरांना तळघरात नेलं. तिथे मांडण्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या आणि चाक फिरवलं की त्यातली एक बाजूला सरकून वाट करून द्यायची.

"दोनशे बारा ना? हा घ्या." त्यांनी नाडी बांधलेला गठ्ठा टेबलावर ठेवला आणि हात झटकले. "शिक्का ज्यांनी मारला त्यांनीच मागे घेतला तर आम्ही ठेवू शकतो. तेवढा एक अर्ज भरून द्यायचा. ते साहेब हयात आहेत का, कुणास ठाऊक."

"आहेत," सर म्हणाले. "मीच तो."

बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, अर्ज पुढे सरकवला आणि शहाण्या माणसासारख्या वर निघून गेल्या.

अर्ज छोटा होता. 'शिक्का मागे घेण्याचं कारण' यापुढे दोन ओळी. सरांचं वाक्य घरीच ठरलं होतं, 'नव्या संशोधनाच्या प्रकाशात पुनर्विचार.' असली वाक्यं त्यांना झोपेतही सुचत. पण लिहिण्याआधी गठ्ठा एकदा बघावा, म्हणून त्यांनी नाडी सोडली.

तेच गोलमटोल अक्षर. घर, माणसं, कामं, वयं. चाळीस, पस्तीस, साठ. सर एकेक फॉर्म उचलून बाजूला ठेवत गेले. सातव्या की आठव्या फॉर्मची पानं एकमेकांना चिकटली होती, ती सोडवताना फॉर्म उलटा झाला. चौथ्या पानावर, मागे, 'शेरा' असा एक रकाना होता. तो भरायचं बंधन नव्हतं, त्यामुळे तो कुणी भरत नसे आणि कुणी वाचतही नसे. भिंगरीने भरला होता.

'बाईंना वय माहीत नाही. मोठा पूर आला तेव्हा चालता येत होतं म्हणाल्या. मग म्हणाल्या, चाळीस लिहा.'

सरांनी दुसरा फॉर्म उलटला. 'म्हातारे हसले. साठ धरा म्हणाले, जास्त नको, लोक घाबरतील.' तिसरा. 'नवऱ्याने पस्तीस सांगितलं, बायकोने तीस. भांडण लागलं. पस्तीस लिहिलं, कारण नवरा दारात उभा होता.' चौथा, पाचवा, पन्नासावा. दोनशे बारा दारांतली माणसं मागच्या पानांवर बोलत होती. शेवटच्या फॉर्मवर तिने खाली रेघ मारून लिहिलं होतं, 'पर्यवेक्षकांसाठी: लोक वय गोल सांगतात. हे सगळीकडे दिसेल. तपासून बघावं.'

तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं म्हणे! एकीला माहीत होतं. तिने लिहून त्यांच्या हातात दिलं होतं. फक्त पान उलटायचं होतं. सर खुर्चीत बसले होते तसे बसून राहिले. त्यांना स्वतःची इतकी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती, आणि आता लाज वाटून घेण्याचाही काही उपयोग नव्हता.

मग त्यांनी पेन्सिल उचलली. दोन ओळींच्या जागेत एकच ओळ लिहिली. 'पर्यवेक्षकाने फॉर्म पूर्ण वाचले नव्हते.' खाली सही केली.

भिंगरीचा नंबर त्यांच्या डायरीत दोन वर्षांपासून होता. जिन्यातून वर येऊन त्यांनी अर्ज ग्रंथपालबाईंकडे दिला आणि वऱ्हांड्यातून फोन लावला. आणखी थांबलो तर पुन्हा बूट शोधू लागू, एवढं त्यांना कळत होतं.

"कोण?" आवाज म्हातारा झाला होता. फटकळपणा होता तिथेच होता.

त्यांनी नाव सांगितलं.

"बोल," ती म्हणाली.

ते बोलले. गठ्ठ्याचं, लगद्याचं, अर्जाचं. "शिक्का मागे घेतला. तुझे फॉर्म राहतील आता. खरे होते ते. तू मागे सगळं लिहून ठेवलं होतंस."

"हो. मग?"

"ते मी आज वाचलं."

"आज?"

"आज."

"अरे, पण साहेबांच्या खोलीत मी तुला विचारलं होतं. मागचं पान बघितलंस का? तू हो म्हणालास."

सर हे विसरले होते. अगदी खरंच विसरले होते. आणि आता ते आठवलं. साहेब बघत होते, उत्तर पटकन द्यायला हवं होतं, आणि ते हो म्हणाले होते.

"बेचाळीस वर्षं मी डोकं फोडून घेतलं," ती म्हणाली. "याने सगळं वाचलं आणि तरी माझा काटा काढला. मी याचं काय घोडं मारलं होतं? आणि तू वाचलंच नव्हतंस. कंटाळा केलास."

"हो."

"मेल्या, वैर तरी करायचं होतंस."

सरांनी विचारलं, "मी घरी येऊ का? समोर येऊन माफी मागतो."

"नको." ती रागावलेली नव्हती, आणि तेच ऐकवत नव्हतं. "आमचे बाबा शेवटपर्यंत विचारायचे मला. खरं सांग, घरी बसून भरलेस ना गं? मी म्हणायचे, नाही हो बाबा. तर म्हणायचे, तो एवढा हुशार मुलगा, तुझा मित्र, तो कशाला खोटं सांगेल? तसेच गेले ते. ते मागचं पान मला त्यांना दाखवायचं होतं रे. तुला नव्हे." मग म्हणाली, "ठेवते. दूध तापत ठेवलंय."

सर फोन कानाला तसाच धरून उभे होते. ग्रंथपालबाई हातात कागद घेऊन वऱ्हांड्यात आल्या.

"सर, अर्ज मंजूर. ही पोच. फॉर्मवर ज्यांचं नाव आहे त्या बाईंना द्यायची असेल तर शिक्का मारून दिलीय."

सरांनी ती घेतली, नीट घडी घातली, आणि ती आता नेमकी कुणाला द्यायची हे न कळून तशीच हातात धरून उभे राहिले.