खाली

आमचे फुटबॉलचे कोच विश्वनाथ सर एरवी फाडफाड हिंदी बोलतात, पण मॅच सुरू झाली की त्यांचं नागपूर बाहेर येतं. "खाली! खाली!" असं ओरडत ते मैदानाच्या कडेने पळतात. म्हणजे बॉल जमिनीलगत ठेवा. आमच्या कॉलेजच्या टीममध्ये मराठी मी एकटाच. बाकीची सगळी हिंदी बोलणारी पोरं 'खाली' ऐकलं की रिकामी जागा शोधत सुटतात!

पहिल्याच मॅचनंतर मी फैजानला अर्थ सांगायला गेलो. तो म्हणाला, "चुप कर खां, जीत रिये हैं ना?"

आणि खरंच जिंकत होतो! मंडीदीपवाल्यांना धूळ चारली, सेमीफायनल मारली. मग मी तरी कशाला तोंड उघडू?

कॉलेजच्या व्हरांड्यात शंभर वर्षांपूर्वीच्या टीमचा फोटो आहे. सगळे मिशीवाले, अनवाणी, मधोमध शील्ड. ती शील्ड पुन्हा कधी आम्हाला मिळाली नाही. सर नोकरीला लागले तेव्हा त्यांनी त्या फोटोशेजारी एक खिळा ठोकला, आपल्या टीमच्या फोटोसाठी. त्यावर आजवर शिपायाची छत्रीच लटकत आली. आणि सर यंदा रिटायर होणार. त्या छत्रीचा मला इतका राग यायचा की विचारू नका.

मग फायनल. एक-एक बरोबरी, मॅच संपत आलेली. फैजानने बॉल दिला आणि मी सुटलो! समोरून त्यांचा गोलकीपर धावत आला.

"खाली, तुषार, खाली!" सरांचा आवाज पार चिरकला होता.

माझे फटके कायम गोलाच्या वरून जातात, म्हणून ही आरोळी बहुतेक माझ्याच नावाची. वर्षभर मी ती निमूट पाळली. पण गोलकीपर माझ्या पायाशी आडवा झाला, त्याच्यामागे अख्खा गोल उघडा पडला, आणि त्या क्षणी मला ती फैजानच्या कानांनी ऐकू आली. खाली! अरे, रिकामाच आहे की!

मी बॉल अलगद वर उचलला. तो त्याच्यावरून गेला, एक टप्पा पडला आणि जाळीत!

मग काय, नुसता दंगा! पोरं माझ्या अंगावर, शील्ड पोरांच्या डोक्यावर. सर धापा टाकत आले. "गाढवा, मी खाली म्हणालो होतो!"

"खालीच होता, सर!" मी म्हणालो आणि वर्षभराची सगळी गंमत सांगून टाकली.

फोटोसाठी खुर्च्या मांडल्या. फोटोग्राफर ओरडला, "सर, बीचवाली कुर्सी खाली है!"

"खाली?" सरांनी माझ्याकडे बघून डोळा मारला आणि आमच्या पायाशी मातीत फतकल मारली. हसता हसता रडत होते बिचारे. मलाही आवरेना.

छत्री मी स्वतः काढली. आता त्या खिळ्यावर आमचा फोटो आहे. त्यात मधली खुर्ची रिकामी आहे आणि सर खाली बसलेत.