निकिताची जागा

निकिताच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि भूमच्या मुलींच्या फुटबॉल संघात गोल करणारं कुणी उरलं नाही. प्रशिक्षक फरहाना मॅडमनी राखीव स्ट्रायकर म्हणून आधी दोघींना खेळवून पाहिलं. दोघीही गोलसमोर मोकळा बॉल मिळाला की जागीच थबकायच्या.

"मागून कुणीतरी म्हणालं, सोड, माझाय," पहिली म्हणाली. दुसरीनंही तेच सांगितलं. मागं तर कुणीच नव्हतं. मॅडमना ती सबब वाटली.

मग त्यांनी कबड्डीतून शिवांजलीला आणलं. पोरगी वाऱ्यासारखी पळायची. दुपारच्या सरावात तिनं गोलकीपरला चकवलं, पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला. ती वळून मागं बघू लागली.

"मॅडम, निकिताताईचा आवाज आला."

मॅडम स्वतः त्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. "टाक गं पास." बॉल आला आणि अगदी कानाशी कुणीतरी धापा टाकत म्हणालं, "सोड, माझाय!"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या निकिताच्या गावी, ईटला गेल्या. निकिता गोळ्यांच्या गुंगीत खाटेवर झोपली होती.

"रोज या वक्ताला झोपेत वरडती, मॅडम," तिची आई म्हणाली. तेवढ्यात निकिताचे ओठ हलले. "सोड, माझाय!"

मॅडमनी तिला उठवून सगळं सांगितलं. ती रडायलाच लागली. "म्या मुद्दाम न्हाय करत. पण शिवांजली लई चांगली खेळती म्हणत्यात. माझी जागा गेली, हेच डोक्यात फिरतंय."

"मग ये आणि डोळ्यांनी बघ."

रविवारी भावानं तिला रिक्षातून मैदानावर आणून खुर्चीवर बसवलं. शिवांजली बॉल घेऊन गोलसमोर आली. आवाज आला. या वेळी सगळ्यांनीच ऐकला. मॅडमनी वळून पाहिलं, तर निकितानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

शिवांजलीचा पाय अडखळला. निकितानं हात काढले आणि जीव खाऊन ओरडली, "मार, शिवे, मार!"

बॉल जाळीत गेला. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत.

"मॅडम," निकिता हळूच म्हणाली, "आता तर म्या जागी व्हते."

पुढच्या मॅचला शिवांजलीच खेळली आणि दोन गोल करून आली. बाहेर खुर्चीवर बसलेली निकिता घसा बसेपर्यंत तिला हाका मारत होती. एक क्षणही थांबली नाही. गप्प बसायची तिला भीती वाटत होती.