बसऱ्याहून आणलेली शिंक

“साहेब म्हणतात, नाक स्वच्छ आहे. काही दोष नाही,” असं मष्णू नाइकाला सांगून मी त्याचा अर्ज डावीकडच्या ढिगावर ठेवला. तो नामंजूर अर्जांचा ढीग होता.

१९२१ सालच्या फाल्गुनात बेळगावच्या छावणीत लढाईवरून परतलेल्या शिपायांसाठी पेन्शनीचं डॉक्टरी बोर्ड बसलं होतं. गोरा मेजर तपासायचा. मी तिथला कारकून, त्याचं इंग्रजी या लोकांना समजावायचं आणि यांचं म्हणणं त्याला, हे माझं काम. कुणाचा हात गेलेला, कुणाचा डोळा. अशा रांगेत खानापूरकडचा हा धडधाकट गडी शिंकांसाठी पेन्शन मागायला उभा राहिला, तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग खोटं कशाला सांगू, रागच आला. लढाईत इराकातल्या बसऱ्याच्या धुळीच्या वादळांत शिंका लागल्या त्या अजून सुटल्या नाहीत, असं अर्जात लिहिलेलं. आणि हा पठ्ठ्या सकाळपासून आमच्या नाकासमोर उभा, पण एकदासुद्धा शिंकला नाही!

मष्णूने सलाम ठोकला आणि बाहेर गेला. व्हरांड्यात त्याची बायको राजाबाई गाठोडं धरून बसली होती. दार उघडंच होतं, त्यामुळे त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

“काय म्हनला सायब?”

“नाक बरं हाय म्हनला.”

“बरं झालं की! म्हंजे तूप लागू पडलं.”

“लागू पडलं. लईच लागू पडलं,” मष्णू म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

मला राहवेना. बाहेर जाऊन विचारलं, “कसलं तूप?”

राजाबाईने पदर सावरला. “पाटंला ह्यास्नी ओव्याची धुरी दिली रावसाहेब, आन् नाकात साजूक तूप सोडलं. सायबाच्या म्होरं शिंकलं असतं तर काम बिघडलं नसतं व्हय? येवढ्या लांबनं आलो, सुरवातीलाच अपशकून नको.”

मी कपाळावर हात मारला. ज्या शिंकांची दाद मागायला आले, त्याच अपशकुनाच्या भीतीने घरून बंद करून आणल्या! बाईला चार शब्द सुनावणार होतो, तेवढ्यात आठवलं की परवा शेजारीण शिंकली म्हणून मीच अर्ध्या वाटेवरून घरी परतलो होतो आणि घोटभर पाणी पिऊन मग कचेरीत आलो होतो. बेळगाव शहरातल्या खासबागेतले आम्ही शिकलेसवरलेले लोक!

“पिंशन मिळंल न्हायतर ऱ्हाईल,” मष्णू खाली बघत म्हणाला. “पर ह्यो आजार हाय, येवढं सरकारनं कागदावर लिवून द्यायला पायजे हुतं. गावात माझ्या शिंकंनं लोकांचं नुकसान हुतंय म्हनत्यात. पेरनीला कोन बोलवत न्हाय. गाडी जुपताना मी दिसलो, तर गाडीवान बैल सोडतंय. थोरल्या लेकीच्या अक्षतेला मला रानात बशिवलं, रावसाहेब. वाजप ऐकलं निस्तं. आता वैशाखात धाकटीचं हाय, बाळाबाईचं. व्याही आत्ताच म्हनाय लागल्यात, बाप लांब असंल तर बरं.”

राजाबाई गाठोड्याची गाठ उगाचच सोडत आणि बांधत राहिली. माझा राग कुठल्या कुठे गेला.

मी आत जाऊन साहेबाला तुपाची हकिगत सांगितली. तो मोठ्याने हसला. चार वाजेपर्यंत माणूस शिंकला तर पुन्हा बघू, म्हणाला. मी बाहेर येऊन मष्णूला कढत पाण्याने नाक धुवायला लावलं आणि अंगणातल्या मोहरलेल्या आंब्याखाली नेऊन बसवलं. दुसऱ्या कुणाला शिंक यावी म्हणून मी जन्मात पहिल्यांदाच देवाला हात जोडले असतील.

दोन वाजले, काही नाही. तीन वाजले. मग वारा सुटला, मोहराची भुकटी आणि अंगणातली धूळ एकदमच उडाली, आणि मष्णू शिंकला.

आमचा शामू शिपाई टपालाची थैली घेऊन नेमका पायरी उतरत होता. तो तिथेच खाली बसला. दुसरी शिंक आली. जोडशिंक शुभ, म्हणून शामू उठला. तिसरी आली, पुन्हा बसला. एक म्हातारा सुभेदार टांग्यात पाय ठेवत होता, त्याने पाय मागे घेतला. टांगेवाला खाली उतरला. शेजारच्या खोलीतला कारकून चहाला निघाला होता, तो उंबऱ्याशीच थबकला. आणि मष्णू काही थांबेना. झाडाला धरून, कमरेत वाकून, डोळे लालभडक, नाक वाहतंय, धड श्वास घेता येत नाही. अकरापर्यंत मी मोजल्या आणि मग सोडून दिलं. पाहावत नव्हतं. या माणसाला मी ढोंगी समजत होतो.

फायली येईनात म्हणून साहेब बाहेर आला. बघतो तो सगळी कचेरी अंगणात पंगतीला बसल्यासारखी बसलेली.

“संप आहे का?” त्याने मला विचारलं. त्या वर्षी साहेब लोकांना चार माणसं एकत्र बसलेली दिसली, की संपच दिसायचा.

“नाही साहेब, शिंक आहे,” मी म्हणालो, आणि सगळा प्रकार समजावून दिला. थोरल्या मुलीच्या लग्नाचंही सांगितलं.

साहेब हसला नाही. “याच्या गावात हे रोज होतं?”

“रोज.”

त्याने मष्णूला आत नेलं आणि खुर्चीवर बसवलं. आरसा लावून नाक पुन्हा तपासलं. आतून सुजून बंद झालं होतं. साहेबाच्या पुस्तकात या रोगाचं नाव ‘हे फीव्हर’, म्हणजे गवताचा ताप, असं होतं. ताप तर बिचाऱ्याला एक दिवस नव्हता, पण मी मुकाट्याने लिहिलं. खाली साहेबाने स्वतःच्या हाताने लिहिलं, की आजार लष्करी नोकरीत जडलेला असून पेन्शन मंजूर आहे.

साहेबाला विचारून मी त्याची मराठी नक्कल केली, शिक्का मारला आणि वाचून दाखवली. मष्णू म्हणाला, “आनी एकदा वाचा. हिला ऐकू दे.” मी पुन्हा वाचली. “सुटलो गं बाई!” म्हणत राजाबाई मटकन खाली बसली आणि पदराने तोंड पुसत हसायला लागली. मलाही इतकं हलकं वाटलं, की पेन्शन जणू मलाच लागली होती.

वैशाखात लग्नाला गेलो. तो कागद पोलीस पाटलाने मांडवात आधीच वाचून दाखवला होता. मष्णू जुना पलटणीतला कोट घालून बाळाबाईच्या पाठीशी उभा होता. मंगलाष्टकं ऐन रंगात आली आणि तो शिंकला. भटजी थांबले. अक्षता धरलेले हात खाली आले. राजाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार?

बाळाबाईचे सासरे, व्याही मारुतीराव पुढे झाले. “चालू द्या भटजी. लढाईतली हाय ती.”

कुणीतरी हसलं, वाजप सुरू झालं आणि अक्षता पडल्या.

गर्दी जेवणाकडे वळली. तेवढ्यात थोरली मनुबाई कडेवरचं मूल नवऱ्याकडे देऊन बापासमोर आली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि मान खाली घालून उभी राहिली.

“आप्पा, माझ्या ऱ्हायल्यात.”

मष्णूने मूठ उघडली. अक्षता संपल्या होत्या. तो इकडेतिकडे बघायला लागला. तेव्हा मारुतीरावांनी आपल्या मुठीतल्या उरलेल्या अक्षता त्याच्या हातावर ठेवल्या, आणि मष्णूने त्या सावकाश, दोन-दोन दाण्यांनी, लेकीच्या डोक्यावर टाकल्या.