बबिताच्या बांगड्या

सुनेच्या डब्याच्या पिशवीत हात घातला आणि रुपीबाईच्या हाती बांगड्या लागल्या. हिरव्या काचेच्या, रुमालात गुंडाळलेल्या. परतीच्या एसटीच्या गडबडीत पुन्हा चढवायच्या राहिल्या असाव्यात. बबिता मोरीत तोंड धूत होती. कपाळावर टिकली नव्हती, आणि हातांना तर रोजच दारूसारखा वास यायचा.

रुपीबाईनं बांगड्या परत रुमालात गुंडाळून ठेवल्या. मुलगा बादल वणीला कोळशाचा ट्रक चालवतो आणि त्याची बायको त्याच्या जिवंतपणी हात रिकामे करते! म्हणे यवतमाळच्या लॅबमध्ये बाटलीत डाळिंब लावते. डाळिंब काय लोणचं आहे, बाटलीत घालायला? डाळीत काहीतरी काळं होतं.

दुसऱ्या दिवशी ती मागच्या गाडीनं लॅबवर पोचली. वॉचमननं दारातच अडवलं, काचेतून पाहा म्हणाला. टोपी अन् मास्कमधल्या सुनेला तिनं डोळ्यांवरून ओळखलं. बबितानं हातांना स्पिरिट चोळलं, ते सुकू दिलं. मग चिमटा ज्योतीवर धरून निववला आणि डाळिंबाचा नखाएवढा कोंब बाटलीतल्या घट्ट खळीत रोवला. मागच्या फळ्यांवर बाटल्याच बाटल्या, एकेकीत इवलंसं झाड. वासाचा उलगडा झाला, पण रुपीबाईची नजर त्या उघड्या मनगटांवरून हलेना.

जेवणाच्या सुट्टीत बबिता बाहेर आली आणि सासूला पाहून थबकली.

"याडी, तुम्ही काहून आल्या?"

"बांगड्या काहून काढतं?"

"त्यात घाण राह्यते, टिकली गळून पडते. जरा जंतू गेला का सारी बाटली सडते."

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं त येऊ दिलं असतं?"

नसतंच येऊ दिलं. रुपीबाई पदराचं टोक चोळत राहिली.

"माहा बादल दिवसभर रस्त्यावर असते अन् तुहे हात रिकामे. मले चैन नाही पडत, बाई."

"मंग उद्यापासून नाही येत," बबिता म्हणाली. डबा न उघडताच परत आत नेला तिनं.

सकाळी एसटीची वेळ झाली तरी ती चुलीपुढून उठली नाही. रुपीबाई साबणानं हात माखून समोर येऊन बसली.

"बांगड्या दे इकडं."

बबितानं हातातल्या काढून दिल्या. सासूनं एकेक करून स्वतःच्या हातात चढवली. शेवटची अंगठ्याच्या हाडाशी अडली, तीही दातओठ खाऊन आत ओढली.

"तू येतवरी माह्या हातात राह्यतील. पिशवीत नाही ठेवाच्या."

बाहेर हॉर्न वाजला. बबिता पिशवी घेऊन दारापर्यंत गेली.

"थांब. टिकली राह्यली काढाची," रुपीबाई म्हणाली.

बबिता मागं फिरली. आपली टिकली काढून तिनं ती सासूच्या कपाळावरच्या गोंदणावर नीट दाबून लावली.